पानाच्या पोटातली अळी

भूम परिसरात लिंबाच्या पानावर चंदेरी, नागमोडी रेघ तुम्ही पाहिली असेल. ती नागअळीची, म्हणजे एका पतंगाच्या अळीची करामत. काही भुंगेऱ्यांच्या अळ्याही पान असेच आतून पोखरतात.

भातावरचा काटेरी भुंगेरा, हिस्पा, घ्या. मादी पानाच्या शेंड्याकडे एकेक अंडे घालते. चपटी अळी पानाच्या दोन त्वचांमधला हिरवा गर खाते. कोषही तिथेच होतो. हिरवा भाग गेला, की रोपाचे अन्न कमी पडते.

आत दडलेल्या अळीला गाठणे अवघड. म्हणून लावणीपूर्वी रोपांचे शेंडे छाटून नष्ट करतात. त्यांबरोबर अंडीही जातात!

रेघ असलेले पान उजेडासमोर धरा. अळी दिसते का, पाहा.