स्थलांतर आणि मजुरी : बंगळुरूचा धडा

बाहेरून मजूर आले की स्थानिक कामगारांची मजुरी घसरते, हा समज फार जुना आहे. वरकरणी तो अर्थशास्त्राच्या पहिल्याच नियमाला धरून आहे. पुरवठा वाढला की भाव उतरतो, मग श्रमाचा भावही उतरणारच, असे कोणालाही वाटेल. परंतु श्रम ही कांद्याबटाट्यासारखी वस्तू नव्हे. श्रमाबरोबर माणूस येतो. तो राबतो तसा खातो, भाड्याच्या खोलीत राहतो, बाजारहाट करतो आणि घरी पैसे पाठवितो. शिवाय मजुरी ठरविताना त्याला घासाघीस करता येते किंवा येत नाही, यावरही बरेच काही अवलंबून असते. हा प्रश्न समजून घेण्यासाठी बंगळुरूइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. कारण या शहरात मजूर येतात आणि येथील अभियंते परदेशी जातात.

वाढते शहर, येणारी माणसे

बंगळुरू नागरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ६५ लाख होती. २०११ मध्ये ती ९६ लाखांवर गेली. दहा वर्षांत सुमारे ४७ टक्के झालेली ही वाढ केवळ जन्मदराने होणारी नव्हे. रायचूर, यादगीर, कलबुर्गी या कोरडवाहू जिल्ह्यांतून, शेजारच्या तेलंगण व आंध्र प्रदेशातून आणि पुढे बिहार, झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगालमधून बांधकाम मजूर आले. तयार कपड्यांच्या कारखान्यांत खेड्यापाड्यांतील स्त्रिया मोठ्या संख्येने दाखल झाल्या. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत तर साऱ्या देशातून तरुण आले.

स्पर्धक की पूरक?

बाहेरून आलेला कामगार प्रत्येकाच्या मजुरीवर सारखाच परिणाम करीत नाही. समजा, एका इमारतीच्या कामावर शंभर नवे बिगारी आले. आधीपासून बिगारी म्हणून राबणाऱ्यांना त्यांची स्पर्धा जाणवेल. परंतु विटा, वाळू व सिमेंट वेळेवर हाताशी मिळाल्यामुळे गवंड्याचे काम वाढेल. पर्यवेक्षक, मालवाहू गाडीचा चालक आणि खाणावळवाली यांचीही मिळकत वाढेल. एकाच कामासाठी पुढे येणारे ते स्पर्धक, आणि ज्यांच्यामुळे दुसऱ्याच्या कामाला मागणी येते ते पूरक. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नव्या बिगाऱ्याचा खरा स्पर्धक बहुधा चार वर्षांपूर्वी आलेला बिगारीच असतो. स्थलांतराची झळ लागलीच तर ती प्रथम त्यालाच लागते.

जगाचा अनुभव

या विषयावरील सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतील आहे. १९८० मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्यूबातून सुमारे सव्वा लाख लोक बोटींनी फ्लोरिडात उतरले. त्यांतील बरेच मायामीत स्थिरावले आणि त्या शहरातील कामगारांची संख्या जवळजवळ सात टक्क्यांनी वाढली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इतर शहरांशी तुलना करून दाखविले की, अल्पकुशल स्थानिकांच्या मजुरीवर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी केवळ शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या पुरुषांची आकडेवारी वेगळी काढली आणि त्यांची मजुरी बरीच घसरल्याचे प्रतिपादन केले. हा वाद आजही मिटलेला नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराने गौरविण्यात आले.

आपल्या देशातील केरळचे उदाहरणही बोलके आहे. तेथे अन्य राज्यांतील मजुरांचा ओघ सतत सुरू आहे. तरीही रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये ग्रामीण बांधकाम मजुराची सरासरी रोजची मजुरी केरळात सुमारे ८५२ रुपये, तर देशात सुमारे ३९३ रुपये होती. केरळातील कित्येक कामगार आखातात गेले, तेथून आलेल्या पैशाने घरे उभी राहिली आणि कामाला मागणी आली. संघटित कामगार चळवळीची परंपराही त्या राज्याला आहे.

मजुरी दबते कशाने?

मजूर येण्यापेक्षा तो अडकून पडण्याने मजुरी अधिक दबते, असे बंगळुरूचा अनुभव सांगतो. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या होत्या. ५ मे रोजी कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांची बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली आणि त्यानंतर राज्य शासनाने पुढील गाड्यांची मागणी मागे घेतली. बांधकामे पुन्हा सुरू होणार होती आणि मजूर निघून गेले तर ती खोळंबली असती. देशभर टीका झाल्यावर दोन दिवसांत हा निर्णय फिरविण्यात आला. पुढे हेच मजूर परत यावेत म्हणून दक्षिणेतील शहरांतील काही व्यावसायिकांनी विमानाची तिकिटेही देऊ केली. जाण्याची मोकळीक मिळताच मजुराच्या श्रमाचे मोल वाढले, हे यातून स्पष्ट होते.

ऊसतोड कामगारांची उचल महाराष्ट्राला परिचित आहे. मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतलेल्या मजुराला हंगामाच्या मध्यात अधिक मजुरीचे काम मिळाले तरी जाता येत नाही. बांधकामावरील मजुराचीही मेस्त्रीकडून उचल घेतल्यास तीच गत होते. मालकाच्याच जागेत राहणाऱ्याची नोकरी सुटली की निवाराही सुटतो. अशा मजुराला कमी मजुरी दिली की शेजारच्या मोकळ्या मजुराचा भावही खाली येतो.

सुशिक्षितांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेत एच-१बी परवान्यावर गेलेल्या अभियंत्याची नोकरी सुटली, तर साधारणपणे साठ दिवसांत त्याला दुसरा मालक शोधावा लागतो. त्याला प्रचलित वेतनापेक्षा कमी देऊ नये, असे तेथील कायदा सांगतो. परंतु मालक सहज बदलता येत नसल्याने घासाघीस करण्याचे त्याचे बळ घटते. बंगळुरूचा संगणक अभियंता आणि रायचूरचा बिगारी यांच्यातील हे साम्य विचार करण्याजोगे आहे.

गावचा आधार, शहराची मजुरी

मजुराला गावीच काम मिळाले तर शहरात पडेल त्या मजुरीवर राबण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीच्या मार्गाने हेच जाणले होते. २००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अभ्यासांतही हंगामी स्थलांतर घटल्याचे व मजुरी वाढल्याचे आढळले आहे.

कायदा आणि बँक

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता, पण तो कंत्राटदारामार्फत आलेल्यांपुरताच मर्यादित होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी, विहित वेतनमर्यादेत, स्वतःहून आलेल्या कामगारालाही या व्याख्येत घेतले आहे. वेतन संहितेत देशव्यापी किमान पायाभूत वेतनाची तरतूदही आहे.

कायद्याचा लाभ पुराव्याशिवाय मिळत नाही, आणि येथे बँकेचे काम सुरू होते. मजुरी खात्यात जमा झाली की किती व केव्हा मिळाली याची नोंद राहते. मेस्त्रीच्या वहीवर विसंबावे लागत नाही. आधारवरील पत्ता गावचा असला तरी सध्याच्या पत्त्याचे स्वयंघोषणापत्र देता येते, आणि मूलभूत बचत खात्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नसते. खात्यात चार पैसे शिल्लक असले की मजुराला उचल घ्यावी लागत नाही आणि पटणार नाही ते काम नाकारताही येते. काउंटरवर आलेल्या परप्रांतीय मजुराचे खाते आपुलकीने उघडून देणे ही त्याच्याबरोबरच स्थानिक कामगाराचीही सेवा ठरते. कारण एकाची मजुरी सावरली की दुसऱ्याचीही सावरते.