क्षेत्राचे भान

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी शरीरास ‘क्षेत्र’ म्हटले आहे. पंचमहाभूते आणि इंद्रिये यांच्याबरोबरच सुख, दुःख व चेतना यांचीही गणना त्यांनी क्षेत्रातच केली, हे साधकाने विशेष लक्षात घ्यावे.

बंगळूर येथे १९७४ साली स्थापन झालेल्या ‘निम्हान्स’ या संस्थेच्या संग्रहालयात निरोगी व रोगग्रस्त मानवी मेंदू जतन केलेले आहेत. पाहणाऱ्यास हातमोजे घालून मेंदू तळहातावर घेता येतो. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्यास, डोळे निर्दोष असूनही, कित्येक रोग्यांना डाव्या बाजूचे भान राहत नाही. असा रोगी ताटातील उजवीकडचेच अन्न खातो. डावीकडचे समोर असूनही तसेच राहते.

त्याला हट्टी वा बेफिकीर म्हणणे म्हणजे क्षेत्राचा विकार क्षेत्रज्ञावर लादणे होय. घरच्यांनी दोष न देता ताट फिरवून द्यावे, हीच खरी सेवा.

आपणही जग क्षेत्राच्याच द्वारे पाहतो. म्हणून ‘मला दिसते तेवढेच सत्य’ हा अभिमान कोणी धरू नये. याच अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी अमानित्वास पहिले स्थान दिले आहे.