फोंडा उतरून चार दिवस समुद्र: खर्च किती?

राधानगरीच्या माणसाला समुद्र म्हटलं की आधी गोवा आठवतो. खरं तर देवगड-निपाणी रस्ता आपल्या दारावरूनच जातो. दाजीपूर ओलांडायचं, फोंडा घाट उतरायचा, नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग पार करायचा की पुढे सरळ देवगड. शंभरेक किलोमीटर, वाटेत चहा धरून तीन तास. पाण्यावरची स्कूटर, पॅरासेलिंग, रात्रीची गाणी हवी असतील तर तारकर्ली-मालवणला जा. नुसतं पडून राहायचं असेल तर कुणकेश्वर, मिठबाव, तांबळडेग, किंवा थोडं खाली आचरा आणि तोंडवळी-तळाशील बघा. तळाशीलला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. करण्यासारखं तिथं काहीच नाही, म्हणून तर जायचं.

हिशेब नवरा-बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा अशा चौघांचा धरू. तीन रात्री, चार दिवस.

आधी प्रवास. जानेवारी २०२५च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला १०.०५ रुपये पडतात. शंभर किलोमीटर म्हणजे १७ टप्पे, साधारण १७१ रुपये. महिलांना अर्धं तिकीट, मुलाचंही अर्धं. म्हणजे पूर्ण तिकीट एकच, नवऱ्याचं! चौघांचं जाऊन-येऊन नऊशेच्या आत बसतं. बरोबर पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा असतील तर त्यांना तिकीटच नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ ठेवा. थेट गाडी मिळाली नाही तर कणकवलीत बदलायची. तिथून पुढच्या रिक्षांना हजार-दीड हजार बाजूला ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर येऊन-जाऊन आणि तिथलं फिरणं मिळून २७० किलोमीटर. घाटामुळे लिटरला चौदाच धरा, पेट्रोल १०५ रुपये. दोन हजारांत काम होतं. म्हणजे एसटी आणि स्वतःची गाडी जवळपास सारखीच.

फसगत होते ती भाड्याच्या गाडीत. बहुतेक गाडीवाले दिवसाला किमान ३०० किलोमीटर लावतात. गाडी चार दिवस दारात उभी राहिली तरी मीटर १२०० किलोमीटरचा, आणि तेरा रुपयांनी १५,६०० होतात. वर ड्रायव्हरचा भत्ता. गाडी फक्त सोडायला आणि न्यायला ठरवा, ‘थांबवायची नाही’ हे आधीच बोलून घ्या.

खोलीला गर्दीचे दिवस सोडून दोन हजार रुपये रात्र धरतो, तीन रात्रींचे सहा हजार. त्यात घरगुती राहण्याची स्वच्छ खोली बसावी. नाताळ ते नवीन वर्ष आणि मे महिन्यात हाच आकडा दुप्पट धरून चला. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची मोठी जत्रा असते, शांतता शोधायला तेव्हा जाऊ नका. आचऱ्यात दर काही वर्षांनी गावपळण असते. तीन दिवस सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहायला जातो. डिसेंबरच्या आसपास जाणार असाल तर आधी विचारून घ्या.

सप्टेंबर २०२५पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी तो १२ होता. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या छोट्या घरमालकाला सहसा नोंदणीच लागत नाही. तेव्हा कुणी ‘प्लस जीएसटी’ म्हणालं तर नंबर असलेलं बिल मागा, नंबर नसेल तर कर देऊ नका.

एकदा आम्ही फोटो बघून अर्धे पैसे आगाऊ पाठवले. फोटोत खिडकीत समुद्र होता. प्रत्यक्षात खिडकीत शेजाऱ्यांचा गोठा निघाला आणि समुद्र दीड किलोमीटरवर. तेव्हापासून मी फोनवर तीन गोष्टी विचारतो. वाळूपर्यंत चालत किती मिनिटं? मुलांची जादा गादी कितीची? आणि यायचं रद्द झालं तर आगाऊचे किती परत? उत्तरं व्हॉट्सअपवर लिहून घेतो, मगच पैसे.

आता जेवण. कोकणात खोलीपेक्षा ताट महाग पडतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नाश्त्याला माणशी ८०, माशाच्या ताटाला सरासरी ३००, रात्रीच्या साध्या जेवणाला २०० धरले तर तीन दिवसांचे जवळपास सात हजार. सुरमई-पापलेट रोज मागवलं तर हिशेब विसरा. घरगुती ठिकाणी सकाळी नऊलाच काकी दारात येऊन विचारतात, ‘दुपारला काय करू?’ तेव्हा ‘मासळीवाली काय घेऊन आलीय?’ असा उलटा प्रश्न करा. टोपलीत ताजे बांगडे असतील तर बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी सांगा. सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चवीचं जेवण तेच. तिथं जाऊन तांबडा-पांढरा मागणाऱ्याला मात्र माझी सहानुभूती नाही. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, ताजी मासळी कमी आणि महाग. समुद्रही आत जाऊ देत नाही, तेव्हा ते दोन महिने घरीच बरे.

हॉटेलात जेवलात तर बिलातला सर्व्हिस चार्ज सक्तीचा नसतो. काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

एकूण प्रवास दोन, खोली सहा, जेवण सात आणि किरकोळ दीड, असे साडेसोळा हजार. आठवड्याच्या मधल्या वारी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर किंवा जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर आणखी कमी होतील. गावं बदलत फिरू नका. प्रत्येक मुक्काम हलवताना रिक्षा, हॉटेलातलं जेवण आणि अर्धा दिवस जातो. एकाच घरात तीन रात्री म्हटलं की मालकही भाव थोडा सोडतो.

निघताना राधानगरीतच टाकी भरा, थोडे सुटे पैसे जवळ ठेवा, रेंज नसेल तिथं फोनवरून पैसे जात नाहीत. आणि परतताना घाट उजेडी चढा. दाजीपूरच्या रस्त्यावर अंधारात गवा समोर उभा असला तर हेडलाइटमध्ये तो फार उशिरा दिसतो.