जुन्या टॉवरचा पुनर्विकास : जास्त टक्के देणाऱ्या बिल्डरलाच काम द्यावे का?

प्रश्न : आमची सोसायटी बोरिवलीत आहे. १९८४ साली बांधलेली चौदा मजल्यांची इमारत, ५६ सभासद, प्रत्येकाचा सुमारे ६२० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट. गळती आहे, वरच्या मजल्यांवर छताचे प्लास्टर पडते, सळया उघड्या पडल्या आहेत. शेजारच्या चार मजली इमारतीला पुनर्विकासात ४० टक्के जादा जागा मिळाली. आमच्याकडे दोन प्रस्ताव आहेत. पहिला बिल्डर ३५ टक्के जादा कार्पेट आणि मोठा कॉर्पस देतो, पण बँक गॅरंटीला तयार नाही. ‘आमचे नाव हीच गॅरंटी’ असे तो म्हणतो. दुसरा २० टक्के देतो, पण बँक गॅरंटी आणि भाड्याची हमी द्यायला राजी आहे. बहुतेकांचा कल पहिल्याकडे आहे. काही ज्येष्ठ सभासद म्हणतात, पाडू नका, दुरुस्ती करा. आम्ही काय करावे? विरोध करणाऱ्यांवर सक्ती होऊ शकते का?
— एक सभासद, बोरिवली

उत्तर : पहिल्या बिल्डरने ३५ टक्के कुठून येणार हे आकड्यांत मांडून दाखवल्याशिवाय त्याच्याबरोबर कसलाही कागद करू नका, आणि तोवर दुसऱ्याशी बोलणी चालू ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजारच्या इमारतीशी तुलना करणे ही या प्रकरणातली सर्वांत घातक गोष्ट आहे. पुनर्विकासात सभासदांना जी जादा जागा मिळते ती बिल्डरच्या उदारपणातून येत नाही. भूखंडावर आज जितके बांधता येते आणि जुन्या इमारतीने जितके वापरून झाले आहे, त्या दोहोंतल्या फरकातून ती येते. मुंबईत २०१८ पासून लागू असलेल्या विकास नियंत्रण नियमावलीत उपनगरांतील मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १ आहे. त्यावर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे प्रीमियम भरून आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन वाढ मिळते, आणि वर ३५ टक्के फंजिबल चटई क्षेत्र. तीस वर्षांपेक्षा जुन्या सोसायट्यांना ३३(७)(ब) या नियमाखाली दर सदनिकेमागे १० चौरस मीटर किंवा अस्तित्वातील बांधकामाच्या १५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढे प्रोत्साहनही आहे. हे सगळे तुमच्या भूखंडावर नेमके किती होते ते वास्तुविशारद मोजून सांगेल. येथे हिशेब समजावा म्हणून मी गृहीत आकडे घेतो.

समजा सगळे मिळून भूखंडाच्या २.७ पट बांधता येते. शेजारच्या चार मजली इमारतीने ०.९ पट वापरले होते. तिच्या सभासदांना ४० टक्के जादा देऊन १.२६ खर्ची पडले, तरी विक्रीसाठी १.४४ उरले, म्हणजे निम्म्याहून जास्त. तुमच्या इमारतीने १.८ वापरले आहे असे धरू. ३५ टक्के जादा म्हणजे २.४३. विक्रीला उरले ०.२७, एकूण बांधकामाच्या जेमतेम दहावा हिस्सा. एक चौरस फूट विकून बिल्डरने दहा चौरस फूट बांधायचे, ५६ कुटुंबांचे काही वर्षांचे भाडे द्यायचे, कॉर्पस द्यायचा, महापालिकेचे प्रीमियम आणि टीडीआरची किंमत भरायची, कर्जाचे व्याज फेडायचे आणि नफाही काढायचा. दक्षिण मुंबईत समुद्रासमोर कदाचित एवढा विक्रीदर मिळेल. बोरिवलीत मिळणार नाही. २० टक्के जादा दिल्यास २.१६ खर्ची पडतात आणि ०.५४ उरतात. विक्रीचा भाग दुप्पट होतो. तुमच्या बाजूने पाहिले तर फरक ८३७ आणि ७४४ चौरस फुटांचा, म्हणजे ९३ चौरस फुटांचा आहे. एका लहान खोलीएवढी जागा सोडली तर प्रकल्पाच्या अंगात दुप्पट बळ येते. (२० टक्केही काही सैल नाहीत. एक विकून पाच बांधणे हेसुद्धा बाजार पडला तर जड जाते.)

येथे एक गोष्ट तपासून घ्या. इमारत उंच आहे म्हणजे तिने चटई क्षेत्र जास्तच वापरले असेल असे नाही. मोठ्या मोकळ्या भूखंडावर उभा असलेला चौदा मजल्यांचा टॉवर आणि कुंपणाला लागून पसरलेली चार मजली इमारत यांचा निर्देशांक सारखा निघू शकतो. शिवाय ऐंशीच्या दशकात बाल्कनीसारखे काही भाग गणनेत धरले जात नव्हते, आज नव्या इमारतीत ते धरले जातात. म्हणून जुन्या मंजूर नकाशावरच्या आकड्यावर विसंबू नका. प्रत्यक्ष मोजणी करून घ्या आणि ती सोसायटीने नेमलेल्या, सोसायटीनेच पैसे दिलेल्या सल्लागाराकडून घ्या. बिल्डरने ‘फुकट’ करून दिलेला व्यवहार्यता अहवाल हा त्याच्याच प्रस्तावाचा एक भाग असतो. नव्या टॉवरचा बांधकाम खर्चही चार मजली इमारतीपेक्षा जास्त असतो. आग प्रतिबंधक व्यवस्था, रेफ्यूज एरिया, जादा लिफ्ट आणि पार्किंगचे मजले यांचा भार दर चौरस फुटावर पडतो, आणि पुढे तो दरमहा मेंटेनन्सच्या बिलातही दिसतो.

न झेपणारा प्रस्ताव मग बिल्डर देतोच कशाला, असे तुम्ही विचाराल. करारावर सही झाली की त्याच्या हातात हक्क येतो. त्या हक्कावर कर्ज काढता येते, भागीदार आणता येतो, सरकार पुढे निर्देशांक वाढवेल म्हणून थांबता येते, आणि तुम्ही घरे रिकामी केल्यावर ‘आता परवडत नाही, टक्के कमी करा’ असेही म्हणता येते. घराबाहेर पडलेल्या सभासदाला तेव्हा नाही म्हणणे फार अवघड जाते. म्हणून प्रस्तावाची किंमत करताना सगळे सुरळीत पार पडले तर काय मिळेल याच्याआधी बिल्डर मध्येच थांबला तर आपल्या हातात काय राहील, हे विचारले पाहिजे.

गोरेगावच्या सिद्धार्थनगरची, म्हणजे पत्राचाळीची, कहाणी या दृष्टीने वाचावी. ६७२ कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी २००८ मध्ये म्हाडा, सोसायटी आणि विकासक यांच्यात करार झाला. घरे रिकामी झाली, चाळ पाडली गेली, पुढे भाडे थांबले आणि पुनर्वसनाच्या इमारती अर्धवट राहिल्या. २०१७ मध्ये विकासक कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्यानंतर म्हाडाने करार संपवून जमीन परत घेण्याची नोटीस काढली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले की दिवाळखोरी कायद्याच्या कलम १४ खालची स्थगिती चालू असेपर्यंत ही जागा परत घेता येणार नाही. विकासकाकडे जमिनीची मालकी नव्हती, करारानुसार आत येऊन बांधण्याची परवानगी होती. तरी त्या स्थगितीसाठी तेवढे पुरेसे ठरले. तिथे जमीन म्हाडाची होती, इथे ती सोसायटीची आहे, हा फरक खरा आहे. पण सरकारी जमीनमालकाचे हात जिथे बांधले गेले तिथे ५६ सभासदांची सोसायटी किती जोर लावू शकेल? आणि ‘बिल्डरला ताबा दिलेला नाही, फक्त परवानगी दिली आहे’ हे करारातले नेहमीचे वाक्य आपल्याला वाचवील, हा समज या निकालानंतर सोडून दिलेला बरा. करार संपवायचा असेल तर तो बिल्डर दिवाळखोरीत जाण्याच्या आधी संपवता आला पाहिजे. त्यासाठी किती महिन्यांचे भाडे थकले, कोणता टप्पा किती लांबला म्हणजे करार संपवता येईल, हे तारखांसह लिहिलेले हवे.

बँक गॅरंटीचे महत्त्व येथे आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली राज्य सरकारने पुनर्विकासाबाबत आधी ३ जानेवारी २००९ ला आणि नंतर सुधारून ४ जुलै २०१९ ला निर्देश काढले. त्यांत प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक गॅरंटी, नोंदणीकृत विकास करार, सर्व परवानग्या आल्यावरच घरे रिकामी करणे आणि भोगवटा प्रमाणपत्रानंतरच ताबा, या गोष्टी आहेत. तेव्हा तुमचा दुसरा बिल्डर काही मेहेरबानी करत नाही, आणि पहिला सरकारी निर्देशातली अटच नाकारतो आहे. मात्र उच्च न्यायालयाने अनेक निकालांत हे निर्देश मार्गदर्शक स्वरूपाचे मानले आहेत. त्यांतली एखादी अट पाळली नाही म्हणून प्रकल्प आपोआप बेकायदा ठरत नाही. याचा अर्थ इतकाच की निर्देशांतले संरक्षण तुमच्या करारात कलम म्हणून उतरले तरच ते तुमचे. गॅरंटी बिनशर्त हवी, सोसायटीच्या पहिल्या मागणीवर वटणारी हवी, आणि भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत तिची मुदत वाढवत नेण्याची जबाबदारी बिल्डरवर हवी. मुदत संपलेली गॅरंटी सोसायटीच्या कपाटात पडून राहिली तर तिचा काही उपयोग नाही. तिची तारीख सचिवांच्या वहीत लिहिलेली असावी. तुमच्या वाट्याच्या सदनिकांवर बिल्डरने कर्ज काढू नये आणि सोसायटीच्या लेखी संमतीशिवाय प्रकल्प दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये, हीही कलमे हवीत.

‘नाव हीच गॅरंटी’ या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. ज्याने पाच इमारती वेळेत पुऱ्या केल्या त्याच्यावर जास्त भरवसा ठेवणे योग्यच. पण करार बहुधा या एका प्रकल्पासाठी काढलेल्या वेगळ्या कंपनीशी किंवा एलएलपीशी होतो, आणि मोठ्या नावाची मालमत्ता त्या कागदावर नसते. नाव खरेच पाठीशी असेल तर मूळ कंपनीने जामीनदार म्हणून सही करायला हरकत नसावी. तेवढे विचारून पाहा, उत्तरावरून बरेच कळेल. रेराचा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याचा, आधारही तोलून घ्या. नव्या फ्लॅटच्या खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात हे खरे, पण विक्रीचा भागच दहावा हिस्सा असेल तर त्या खात्यात येणार किती? आणि खरेदीदाराला रेराने जे दिले ते जुन्या सभासदाला आपोआप मिळते असे धरून चालू नये.

पैशांच्या दोन गोष्टींवर मात्र निर्धास्त राहता येईल. विकास करारावर मुद्रांक शुल्क भरलेले असेल तर सभासदाच्या जुन्या हक्काच्या बदल्यात मिळणाऱ्या जागेच्या वैयक्तिक करारावर पुन्हा ते लागत नाही, फक्त विकत घेतलेल्या जादा जागेवर लागते, असा मुंबई उच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२३ चा निकाल आहे. म्हणून शुल्क वाचवायला वैयक्तिक करार पुढे ढकलू नका. घर रिकामे करण्याआधी प्रत्येकाचा करार नोंदवलेला असावा. पर्यायी निवासासाठी मिळणारे भाडे हे उत्पन्न नाही, त्यावर टीडीएस कापायचा नाही, असे त्याच न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सांगितले. कॉर्पस आणि जीएसटी यांचे प्रश्न करार पाहिल्याशिवाय सांगण्यासारखे नाहीत, पण जीएसटी कोणी भरायचा हे शब्दांत लिहून घ्या.

आता ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे. ते मला आडमुठेपणाचे वाटत नाही. मेंटेनन्स वाढणार, आणि उतारवयात काही वर्षे भाड्याच्या घरात काढायची, ही भीती रास्त आहे. पण दुरुस्ती पुरेल की नाही हे मतदानाने ठरत नाही. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत गेला की हे कवच संपते, सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचे काँक्रीट फोडतो. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले की निरोगी भाग गुलाबी होतो आणि बाधित भाग रंगहीन राहतो. रंगहीन पट्टा सळईच्या अलीकडेच थांबला असेल तर दुरुस्तीला अर्थ आहे. खांबांत तो सळईच्या पलीकडे गेला असेल, काँक्रीटची ताकद मोजणारी कोअर टेस्ट आणि गंजाची शक्यता दाखवणारी हाफ-सेल चाचणीही वाईट असतील, तर प्लास्टर आणि रंगावर केलेला खर्च वाया जाईल. तीस वर्षांवरील इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब खाली संरचनात्मक तपासणी करावीच लागते. तोच अहवाल सर्वांना वाचायला द्या. इमारत सी-१ म्हणजे पाडण्याजोगी ठरली तर वाद मिटला. सी-२ मध्ये बसली तर दुरुस्तीचा खर्च आणि आयुष्य मांडून पुनर्विकासाशी तुलना करा. दोन अभियंत्यांचे अहवाल परस्परविरोधी आले तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती आहे.

सक्तीबद्दल : २०१९ च्या निर्देशांनुसार विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती आणि निर्णयाला एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची संमती लागते. असा ठराव रीतसर झाला की अल्पमतातल्या सभासदाला तो अडवता येत नाही, असे उच्च न्यायालयाने वारंवार म्हटले आहे, आणि गरज पडल्यास न्यायालयाच्या आदेशाने घर रिकामे करवून घेता येते. ५६ मध्ये २९ सह्या झाल्या की पुरे, असा मात्र याचा अर्थ घेऊ नका. हा अधिकार इतका मोठा आहे म्हणूनच ज्यांच्यावर तो चालणार त्यांच्या घराची हमी आधी पक्की करणे हे बहुमताचे कर्तव्य आहे. हमीचा कागद दाखवल्यावर ज्येष्ठांचा विरोध बराचसा मावळेल, असे मला वाटते.

गॅरंटीचा आग्रह धरला तर एकही बिल्डर येणार नाही, असे सभेत कोणीतरी म्हणेलच. गॅरंटीला पैसे पडतात आणि ते अखेर तुमच्या टक्क्यांतूनच जातात, हे खरे आहे. म्हणून पहिल्या बिल्डरलाही संधी द्या : २० टक्के बँक गॅरंटीसह त्याचा प्रस्ताव किती टक्क्यांवर येतो, हे त्याने लेखी कळवावे. कोणीच पुढे आले नाही तर १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने सवलती दिलेला स्वयंपुनर्विकासाचा मार्ग आहे, पण विक्रीचा भाग कमी असलेल्या टॉवरमध्ये सभासदांना स्वतःचे पैसे घालावे लागतील आणि जोखीमही त्यांचीच राहील. या सगळ्याच्या आधी मालमत्ता पत्रकावर सोसायटीचे नाव आहे का ते आजच पाहा. १९८४ च्या इमारतींत मूळ बिल्डरने कन्व्हेयन्स दिलेलेच नाही असे सर्रास आढळते. तसे असेल तर मोफा कायद्याच्या कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा, अर्ज आधी करा आणि दोन्ही बिल्डरांना तोवर थांबायला सांगा.