तारेतील घट आणि ट्रान्झिस्टरची उष्णता

लांब तारेच्या टोकाशी विद्युतदाब घटतो. जाण्या-येण्याच्या तारांचा एकूण रोध अर्धा ओहम व प्रवाह २ ॲम्पिअर असल्यास १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. दिव्याला १२ व्होल्ट मिळावेत म्हणून ऑप-ॲम्प तेथील दाब पडताळून १३ व्होल्ट पाठवतो. प्रवाहाचा भार मात्र ट्रान्झिस्टर वाहतो. पुरवठा १८ व्होल्टचा असल्यास उरलेले ५ व्होल्ट गुणिले २ ॲम्पिअर, म्हणजे १० वॅट उष्णता ट्रान्झिस्टरमध्येच निर्माण होते.

दर वॅटला ४ अंशांनी तापणारा हीटसिंक तामलवाडीच्या ४० अंशांच्या उन्हाळ्यात ८० अंशांवर जातो. ट्रान्झिस्टर आतून त्याहूनही तप्त असतो. पुरवठा १६ व्होल्ट ठेवल्यास ६ वॅट आणि ६४ अंश. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो : आधी जादा दाब कमी करा, मग हीटसिंक वाढवा.