तेल आणि पाणी यांचे का जमत नाही?

पावसाळ्यात जुहू आणि वर्सोव्याच्या किनाऱ्यावर काळे चिकट गोळे वाहून येतात. त्यांना डांबरगोळे म्हणतात. समुद्रात सांडलेले खनिज तेल लाटांवर हेलकावे खाऊन घट्ट होते, त्याचे हे गोळे. माझे मामा अंधेरीला वर्सोव्याच्या कोळीवाड्यात राहतात. तिथे माझ्या पायाला डांबर लागले. बादलीभर पाणी ओतले तरी डाग तसाच! मग मामीने खोबरेल तेल चोळून फडक्याने पुसले, तेव्हा गेला.

असे का, ते गुरुजींनी फळ्यावर चित्र काढून सांगितले. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. पण ते सरळ रेषेत नसतात. मला तर ते सशाचे डोके आणि दोन कान वाटले. ऑक्सिजन जरा हावरट. तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे जास्त ओढतो. त्यामुळे डोक्याची बाजू थोडी ऋण आणि कानांची बाजू थोडी धन होते. अशा रेणूला ध्रुवीय म्हणतात. एकाचा कान दुसऱ्याच्या डोक्याला ओढतो, म्हणून पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. मिठातही धन आणि ऋण कण असतात, म्हणून पाणी त्याला लगेच आपल्यात घेते.

तेलाचा रेणू म्हणजे कार्बन-हायड्रोजनची लांब माळ. तिच्यात ओढाओढ जवळजवळ सारखीच, म्हणून तो अध्रुवीय. पाणी त्याला आत घेत नाही. पण डांबर आणि खोबरेल एका जातीचे, त्यांचे जमते.

तेल हलके म्हणून तरंगते, हे खरे. पण न मिसळण्याचे कारण ते नव्हे. रॉकेल खोबरेलापेक्षा हलके असते, तरी त्यात मिसळते. (रॉकेलचा प्रयोग मोठ्या माणसांनीच करावा.)

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल समुद्रात गेले. ते पाण्यात विरघळले नाही, पसरत पसरत किनाऱ्याला आणि खारफुटीला लागले. खारफुटीची मुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. त्यांच्यावर तेल बसले की हवा कशी मिळणार? मामी सांगते, त्या दिवसांत टोपलीतली मासळी कोणी विचारीना.

जाळ्याला डांबर लागले तर मामा रॉकेलच्या बोळ्याने पुसतात. पण जाळे केवढे आणि बोळा केवढा!