मॉनिटर स्पीकरचे स्टँड : थोडं व्हायब्रेशन, थोडं वेल्डिंग

आपल्या बँडचं रेकॉर्डिंग मिक्स करायचं काम गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे आणि ते मी सुट्टीत घरी, भिवंडीला करते. होस्टेलवर एक प्रश्न हमखास येतो : मॉनिटर स्पीकर टेबलावरच ठेवले तर काय बिघडतं? मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा म्हटलं, हेच लिहू. (शुद्धलेखन सांभाळून घ्या, मी कॉन्व्हेंटची!)

टेबल हा आवाजाचा आरसा असतो. स्पीकरचा आवाज एकदा सरळ कानात येतो आणि एकदा टेबलावर आपटून, जरा उशिरा. समजा हा दुसरा रस्ता २० सेंटिमीटरनी लांब आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. मग ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी २० सेंटिमीटर, म्हणजे अंदाजे ८६० हर्ट्झ, तो स्वर स्वतःलाच खोडतो. माणसाच्या आवाजाचा बराच भाग याच पट्ट्यात असतो. तुम्ही तो कमी ऐकू येतो म्हणून वाढवता, आणि हॉलमध्ये गायक अंगावर येतो.

म्हणून स्पीकर टेबलाच्या मागे, वेगळ्या स्टँडवर. उंचीचं गणित सोपं आहे. खुर्चीत बसल्यावर माझे कान जमिनीपासून ११५ सेंटिमीटरवर येतात. माझ्या स्पीकरचा ट्वीटर त्याच्या तळापासून २० सेंटिमीटर वर. तेव्हा स्टँड ९५ चा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. इथवर सगळं टेप घेऊन होतं.

खरी गंमत पुढे आहे. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका यंत्रमागावर रात्रपाळी करतात, बारा तास. सकाळी येऊन झोपतात, आणि माझी मिक्सिंगची वेळ तीच. बेसचा ठोका स्टँडमधून स्लॅबमध्ये आणि तिथून त्यांच्या उशीपर्यंत जातो. ते काही बोलत नाहीत, काकू बोलतात! तेव्हा स्टँडने स्पीकर नुसता उचलून धरणं पुरत नाही, त्याचं कंपन वरच्यावर अडवायलाही हवं.

पुष्कळ जण यासाठी टोकदार खिळे, म्हणजे स्पाइक, लावतात. स्पाइकने स्टँड डगमगत नाही हे खरं, पण कंपन त्यातून बिनधास्त खाली उतरतं. दुसरा आवडता सल्ला म्हणजे मागाखाली घालायचा जाड रबरी पॅड. भिवंडीत तो सहज मिळतो, म्हणून मोह होतो. पण तो पॅड शेकडो किलोच्या मशीनसाठी बनवलेला असतो. पाच किलोचा स्पीकर त्याच्यावर ठेवला तर तो दबतच नाही, आणि न दबणारं रबर कंपनाच्या दृष्टीने दगडच.

सेकंड इयरचं सूत्र आठवा. वजनाने पॅड किती सेंटिमीटर दबला ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. उत्तर म्हणजे नैसर्गिक वारंवारता, हर्ट्झमध्ये. अडीच मिलिमीटर दबला तर १० हर्ट्झ. आता ५० हर्ट्झचा बेस वाजला तर कागदावर त्याचा फक्त चार टक्के जोर खाली पोचतो. (रबर प्रत्यक्षात जास्त ताठ वागतं, त्यामुळे एवढं मिळणार नाही, तरी फरक मोठा आहे.) उलट पाव मिलिमीटरच दबला तर उत्तर ३२ हर्ट्झ येतं, आणि त्याच्या आसपासचा बेस अडण्याऐवजी वाढतो!

त्यामुळे पूर्ण शीट घालायची नाही. मऊ रबराचे किंवा घट्ट फोमचे चार छोटे तुकडे चार कोपऱ्यांत ठेवा. दबत नसतील तर तुकडे आणखी लहान करा. वर्कशॉपचं व्हर्नियर घ्या आणि दोन ते तीन मिलिमीटर दबेपर्यंत कापत राहा. स्पीकर बोटाने ढकलल्यावर झुलत राहिला तर मात्र जास्त झालं.

शेजारच्या गल्लीत माग चालतात, त्याचं काय? मिनिटाला दीडशे वेळा धोटा फेकणारा माग म्हणजे अडीच हर्ट्झचा धक्का. आपला १० हर्ट्झचा पॅड तो मुळीच अडवत नाही. तो कानाला ऐकू येत नाही, पण उंच स्टँड हलवू शकतो. म्हणून बूड रुंद आणि जड हवं. १०० मिलिमीटरचा चौकोनी लोखंडी पाइप, खाली ३५ बाय ३५ ची प्लेट, वर स्पीकरच्या मापाची. फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलात तर चॉकने जमिनीवर ड्रॉइंग काढून दाखवा, तो आपल्या ऑटोकॅडच्या प्रिंटकडे बघतसुद्धा नाही. पाइपमध्ये कोरडी वाळू भरा, साधारण १३ किलो मावते आणि पाइपचा टणटणाट बंद होतो. खाडीची वाळू नको. तिच्यात मीठ असतं, पाइप आतून गंजतो.

लाकडाचे करायचे तर माणकोली, काल्हेर, पूर्णा या बाजूच्या गोदामांतून निघालेले जुने पॅलेट चालतात. त्यांच्यावरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे लाकूड तापवून शुद्ध केलेलं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका.

एक मात्र आहे. हवेतून जाणारा बेस कुठलाच पॅड अडवत नाही. माझे स्टँड झाल्यापासून काकूंच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, पण सकाळी अकराच्या आत मी अजूनही हेडफोनच लावते.